तिसऱ्या मजल्याचा ताबा

"आंटी, तुमची हरकत नेमकी कशाला आहे?" भूसंपादन कार्यालयातल्या लिमने विचारलं.

"घर जाण्याला."

तो संकोचला. पेन फॉर्मवर टेकवून म्हणाला, "तशी हरकत कायद्यात घेता येत नाही. भरपाई कमी वाटत असेल तर सांगा, मी लिहून घेतो. जागा मात्र हॉस्पिटलसाठी जाहीर झालीय."

"मग काही नाही," म्हणत सुलेखाबाई उठल्या. बहात्तराव्या वर्षी गुडघे धरूनच उठावं लागे.

ज्या हॉस्पिटलला ही जागा हवी होती, तिथंच त्यांनी नर्स म्हणून एकतीस वर्षं काढली होती. मिरजेहून नर्सिंग शिकून त्या इथं, परदेशात आल्या. नवरा शिपयार्डात होता. ड्यूटीला पायी जाता यावं म्हणून दोघांनी हॉस्पिटलच्या कुंपणाला लागून असलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. नवऱ्याने शेवटचा श्वास घेतला तो तिथंच. आता, २०१३ साली, त्या जागी नवा इमर्जन्सी ब्लॉक उभा राहायचा होता.

खालच्या मजल्यावरच्या मॅडम गो एक अर्ज घेऊन वर आल्या. हॉस्पिटलला एवढ्या जागेची गरजच नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"तू तिथली सिस्टर. तुझी सही असली तर ऐकतील, लाह!" इथल्या बोलण्यातलं ते नेहमीचं 'लाह' शेवटी जोडत मॅडम गो म्हणाल्या.

सुलेखाबाईंनी अर्ज दोनदा वाचला. नोकरीच्या शेवटच्या वर्षी कॉरिडॉरमध्ये लावलेल्या खाटा त्यांना आठवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्याला बेडपॅन द्यावं लागलं होतं. त्याने लाजून टॉवेल तोंडावर ओढून घेतला होता.

"घर सोडवत नाही, असं लिहा. मी सही करते. गरज नाही असं नका लिहू."

"तसं लिहून काय उपयोग?" मॅडम गो अर्ज उचलून निघून गेल्या. पुढं जिन्यात समोरासमोर आल्या तरी बोलेनाशा झाल्या. बावीस वर्षांचा शेजार, तो घराच्या आधीच गेला.

ताबा द्यायच्या दिवशी वुडलँड्सहून ऋता आईला न्यायला आली. सामान आदल्या दिवशीच लेकीच्या घरी गेलं होतं. रिकाम्या खोलीत सुलेखाबाई ओणव्या होऊन फरशी पुसत होत्या.

"आई, अगं तोडणारच आहेत ना ते! कशाला कमरेची वाट लावून घेतेस?"

"तोडू देत. म्हणून पारोसं घर द्यायचं का कुणाच्या हातात?"

ऋताने दुसरं फडकं शोधलं, पण तेही सामानाबरोबर गेलेलं. मग ती बादली उचलून आईबरोबर मागं मागं सरकत राहिली.

अकराच्या सुमाराला लिम आला आणि दारातच थबकला. फरशी अजून ओली होती. फाइल काखेत धरून तो वाकला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बाहेर ठेवले आणि मोज्यांनिशी त्या ओल्या फरशीवरून किल्ली घ्यायला आत आला.