चालतंय की सगळं

सुहासची उमेदीची सगळी वर्षं केबली ओढण्यात गेली होती. लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फोन-कॅमेऱ्यांची कुठली तार कुठल्या नेटवर्क स्विचला जाते, हे तो डोळे मिटून सांगे. मग कंपनीने कंट्रोलर बसवला. कुठला निरोप कुठल्या वाटेने न्यायचा हे आता कंट्रोलर ठरवी, स्विच नुसते त्याचं ऐकत. त्याचं ट्रेनिंग झालं तेव्हा सुहास दरवेळी काहीतरी काम काढून बाहेर सटकला. या वयात पोरांच्या पंगतीत बसून प्रश्न विचारणं त्याच्या जिवावर आलं.

हाताखालच्या तेजलने मात्र सगळं नीट शिकून घेतलं. एका सकाळी ती त्याच्या टेबलाशी आली.

"सर, कंट्रोलर बंद पडलाय."

सुहासने प्लांटमध्ये फोन लावून पाहिला, कॅमेरे पाहिले. "चालतंय की सगळं!"

"चालणारच. डेटा प्लेन चालू आहे, कंट्रोल प्लेन बंद आहे." त्याचा चेहरा पाहून ती थांबली. "आपल्या कंपनीच्या बसचंच बघा ना. ट्रान्सपोर्ट ऑफिसला कुलूप असलं तरी ड्रायव्हर नेहमीच्या रस्त्याने गाडी आणतो. पण रस्त्यात दरड आली तर कुठून वळायचं, ते सांगायला कोणी नाही. स्विच आधी मिळालेल्या वाटांवरच चालताहेत. एखादी केबल तुटली तर दुसरी वाट असून त्यांना कळायची नाही."

सुहासला समजलं. समजलं नव्हतं, असं पुढे त्याला कधीच म्हणता आलं नाही. पण त्याआधी त्याला दुसरंच काही समजलं होतं. कंट्रोलर उघडून बसलो, तर आपल्याला त्यातलं ओ की ठो येत नाही, हे या मुलीसमोर उघडं पडेल.

"चालू प्लांटमध्ये हात घालायचा नाही. रविवारी शटडाऊन आहे, तेव्हा बघू."

"मी करते ना सर, तुम्ही फक्त—"

"रविवारी म्हटलं ना!"

ती जागेवर परत गेली.

रविवार उजाडायच्या आतच गटार खोदणाऱ्या जेसीबीने प्लांटकडची केबल तोडली. मागच्या बाजूची दुसरी केबल धडधाकट होती, पण तिकडे वळा म्हणून स्विचना सांगणार कोण? प्लांटमधले फोन मुके झाले. त्याच दुपारी पंपाचं सील फुटून महिपत नावाच्या ऑपरेटरच्या तोंडावर ॲसिड उडालं. सोबत्यांनी त्याचं तोंड पाण्याच्या धारेखाली धरलं. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, म्हणून एकजण भिंतीवरच्या फोनवरून कंपनीच्या दवाखान्याला फोन लावत राहिला. मग रिसीव्हर टाकून धावत सुटला. ॲम्ब्युलन्स यायला उशीर झाला. महिपतचा डावा डोळा गेला. लवकर आणलं असतं तर कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

चौकशीत दोष जेसीबीच्या ठेकेदारावर गेला. सुहास मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि त्याने खरं काय ते सांगितलं. साहेब म्हणाले, "मिटलंय ना? मग कशाला उकरताय?"

तेजल त्याला एवढंच म्हणाली, "सर, मी पुन्हा एकदा बोलायला हवं होतं. तुम्ही चिडलात म्हणून गप्प बसले." तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. थोड्याच दिवसांत पुण्याची नोकरी धरून ती निघून गेली.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सुहास सावर्ड्याला महिपतच्या घरी गेला. महिपतच्या बायकोने, शालनने, खुर्ची पुढे केली. सुहासने काही न लपवता सगळं सांगितलं. महिपत मान वळवून उजव्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होता.

"म्हंजे त्या पोरीनं तुमाला आधीच सांगितलं व्हतं?"

"हो."

"आनि तुमाला ते पटलं पन व्हतं?"

"पटलं होतं."

मग महिपत हळूच म्हणाला, "मग आयकायचं व्हतं, साहेब."

शालन चहा घेऊन दारात आली होती. ती तिथेच थबकली. थोड्या वेळाने तिने कप सुहासच्या हातात दिला आणि आत गेली. चहा निवेपर्यंत सुहास तो तसाच धरून बसला होता.