छायाच्या नावाचा मेसेज

"छाया, तुमची तपासणी अजून बाकी आहे."

सोमनाथची बायको छाया जाऊन दोन महिने झाले, तरी तिच्या फोनवर रोज हा मेसेज येई. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू निवडताना फोन वाजला, की सोमनाथच्या अंगावर काटा येई. शेवटी एका दुपारी त्याने तो भाचीच्या हातात दिला.

"घाबरू नका, मामा," वेदिका म्हणाली. "मामींनी कुठल्यातरी साइटवर नाव टाकून मेसेज यायला 'अलाऊ' दाबलंय. त्या जाहिराती आहेत."

तिने मेसेज उघडला. एकावर एक आलेल्या जाहिराती बंद केल्या, तेव्हा खाली छायाने भरलेला फॉर्म दिसला. त्रास: काखेत गाठ. तारीख संक्रांतीची होती.

"संक्रांत?" सोमनाथ म्हणाला. "आम्हाला तर तिनं गाठीचं श्रावणात सांगितलं."

वेदिकाने साइट ब्लॉक केली. "आता नाही येणार, मामा."

मेसेज खरंच थांबले. पण झेंडूच्या ढिगाशी बसला, की सोमनाथला समोर छाया दिसते. उन्हाळ्यात एकदा ती म्हणाली होती, "हात लय दुखतोय." आणि तो म्हणाला होता, "आवर लवकर, टेम्पो येईल."