चौसष्ट अक्षरं

दोन्ही कागदांवरची ती ओळ सारख्याच लांबीची होती. चौसष्ट अक्षरं. आकडे आणि ए ते एफपर्यंतची इंग्रजी अक्षरं, मधे कुठे जागा सोडलेली नाही. संघमित्रानं पट्टी ठेवून डावीकडून एकेक अक्षर जुळवत नेलं. पहिल्या कागदावरची ओळ सात, ई, चार, एक अशी संपत होती. दुसऱ्या कागदावरचीही तशीच. आधीची साठ अक्षरंही तीच होती.

हे ती आज पहिल्यांदा बघत नव्हती. मागच्या सहा महिन्यांत पाच-सहा वेळा तरी तिनं ही पट्टी अशीच ठेवली होती. दर वेळी मनात कुठेतरी वाटायचं, एखादं अक्षर वेगळं निघेल.

उद्या दुर्गला वकील संघाच्या हॉलमध्ये तिचं व्याख्यान होतं. नव्या साक्ष कायद्यात मोबाइलचं रेकॉर्डिंग, व्हिडिओ असलं काही कोर्टात द्यायचं तर सोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात त्या फाइलचा हॅश नंबर लिहायचा असतो. हा नंबर फाइलमधूनच गणितानं निघतो. फाइलमध्ये कणभर बदल झाला की नंबर पार बदलतो, म्हणून तो जुळला की फाइल तीच, हे कोर्टाला कळतं. वयस्कर वकिलांना हे समजता समजत नव्हतं. संघमित्रा रामटेके वकिलीआधी बी.एस्सी. झालेली, ई-फायलिंग अडलं की सगळे तिच्याच टेबलाशी येणारे. त्यामुळे नव्या कायद्याचं प्रशिक्षण संघानं तिच्याकडे सोपवलं होतं. पहिल्या दोन व्याख्यानांना टाळ्या पडल्या होत्या. तिसऱ्याचा विषय तिनं स्वतःच कळवला होता: प्रमाणपत्रातल्या नेहमीच्या चुका. विषय कळवताना आपण काय लिहितोय, याचा तिला पत्ता नव्हता असं नाही.

दुसरा कागद बाजारात साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या मथुरा हटवारच्या खटल्यातला होता.

मथुराचा नवरा केवलराम स्टील प्लांटमध्ये संघमित्राच्या वडिलांच्या हाताखाली होता. तो गेल्यावर धाकटा दीर हेमराज पेन्शनचे कागद म्हणून तिची सही घेऊन गेला आणि निघालं ते हक्कसोडपत्र. सासऱ्यानं बांधलेल्या घरातला तिचा वाटा गेला. पुढे फोनवर भांडताना हेमराज स्वतःच बोलून गेला, की हो, पेन्शनचं सांगूनच घेतली सही, कर काय करायचं ते. ते बोलणं मथुराच्या मोबाइलमध्ये आपोआप रेकॉर्ड झालं होतं. तिच्याकडे एवढा एकच पुरावा होता. बाबांनीच तिला घरी आणून संघमित्रासमोर बसवलं होतं.

सेक्टर सहामध्ये संगणक शिकवणाऱ्या नरेशनं फाइलचा नंबर काढून संघमित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवला. संघमित्रानं प्रमाणपत्र टाइप केलं ते जिल्हा कोर्टातले सगळे करतात तसं, जुन्या फाइलीवरून. मागच्या एका खटल्याचं प्रमाणपत्र उघडायचं, नाव बदलायचं, गाव बदलायचं, तारीख बदलायची. नाव बदललं, गाव बदललं, तारीख बदलली. चौसष्ट अक्षरांची ओळ तशीच राहिली. मथुरानं दाखवलं तिथे सावकाश सही केली. तज्ज्ञाच्या भागावर नरेशनं सही केली, त्यानंही वाचलं नाही. मॅडमनं टाइप केलंय म्हटल्यावर कोण वाचतो.

हेमराजचे वकील शामसुंदर मात्र वाचणारे निघाले. त्यांनी कोर्टाकडून रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह तपासून घेतला. नंबर जुळला नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन संघमित्रानं जुना कागद काढला, पट्टी ठेवली, आणि तिला सगळं कळलं.

तेव्हाच एक अर्ज दिला असता तर भागलं असतं. चूक वकिलाची आहे, दुरुस्त प्रमाणपत्र दाखल करून घ्यावं, एवढाच. अर्ज तिनं लिहिलाही होता. पण त्याच आठवड्यात संघाचं पत्र आलं, प्रशिक्षणाची जबाबदारी आपल्याला देत आहोत असं. अर्ज लॅपटॉपमध्येच राहिला. न्यायाधीश एवढ्याशा गोष्टीला धरून बसणार नाहीत, असं तिनं स्वतःला समजावलं.

न्यायाधीश धरून बसले. निकालात त्यांनी लिहिलं, की वादीनं सादर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये फेरफार झाल्याचा दाट संशय आहे. दावा फेटाळला गेला. हेमराजनं ते पान मोबाइलवर घेऊन वस्तीभर फिरवलं. मथुरानं मशीनवर दिराचा आवाज बनवला, हे पावर हाउसच्या बाजारात भाजीवाल्यांपर्यंत पोचलं. आणि मथुरानं विचारलं तेव्हा संघमित्रानं तिला सांगितलं, "नवीन कायदा आहे, काकू. मशीनचा पुरावा कोर्टाला लवकर पटत नाही. अपिलात जाऊन फारसा फायदा नाही."

अपिलाला तीस दिवस असतात. आज बावीस झाले होते.

"जेवतं का?" बाबांनी दारातून विचारलं. टिकाराम रामटेके निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे आणि दुपारी बाराला ताटावर बसायचे.

ताटं वाढून झाली. बाबांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. सकाळी मथुरा दिसली होती म्हणाले, बाजारात. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी स्कूटर वळवली.

"कावून?" संघमित्रानं विचारलं.

"काय बोलू तिच्यासंग? केवलरामची बायको अशी करन असं मले वाटलं नव्हतं. सोळा वर्षं होता तो माझ्या गँगमध्ये. एक पाना इकडचा तिकडे केला नाही त्यानं." ते ताटाकडे बघत होते. "मीच तिले तुझ्याकडे आणलं. जजसाहेबासमोर तुले खाली पाहा लागलं. माझी चूक झाली, बाई. पुढं कोणाले नाही आणणार."

आयुष्यात बाबांनी कोणाची माफी मागितलेली संघमित्रानं पाहिली नव्हती. प्लांटमध्ये साहेबासमोर ते हात मागे बांधून उभे राहायचे, पण बोलायचे ते सरळ. आता ते तिची माफी मागत होते, आणि तिच्या तोंडात भाताचा घास होता. तिनं तो गिळला. वरण घेऊ का अजून, असं त्यांनी विचारलं. घ्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत शामसुंदर वकील, काखेत चष्म्याची डबी धरून. संघमित्रानं नंबर कसा काढायचा ते पडद्यावर दाखवलं. एका ओळीत एक पूर्णविराम जास्तीचा टाकला आणि सगळा नंबर बदललेला दाखवला. लोक चकित झाले. नेहमीच होतात.

शेवटी प्रश्नांची वेळ आली. उन्नती म्हणून एक नवीन मुलगी उभी राहिली, सनद मिळून वर्षही झालं नसेल. फाइल खरी असेल आणि प्रमाणपत्रात नंबरच चुकीचा टाइप झाला असेल, तर पक्षकारानं काय करायचं, असा तिचा प्रश्न होता.

संघमित्रानं पाण्याचा घोट घेतला. उत्तर तिला पाठ होतं. ती तोंड उघडणार तोच शामसुंदर मागे वळून हसले.

"अरे बेटा, नंबर कभी गलत टाइप नहीं होता, क्लायंट गलत होता है. हमारी मैडम से पूछो. इतनी होशियार वकील, और एक फॉल-पिको वाली बाई चूना लगा गई."

हॉलमध्ये हशा पिकला. त्यात वाईट काही नव्हतं. सगळे आपुलकीनंच हसत होते. कोणीतरी म्हणालं, मॅडमची काय चूक, आजकाल आवाज काय, माणूसही बनवून देतात मशीनवर. संघमित्राही हसली. म्हणजे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि लोकांनी ते हसू समजलं. मग तिनं उन्नतीला उत्तर दिलं: दुरुस्त प्रमाणपत्र, चूक कशी झाली याचं शपथपत्र, आणि अपिलात असाल तर जादा पुराव्याचा अर्ज.

"शपथपत्र किसका, मैडम?" उन्नतीनं विचारलं. ती लिहून घेत होती.

"जिसने गलती की, उसका."

मुलीनं ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. संघमित्राला ती रेघ मंचावरून दिसली. आभार झाले, तिला रोपटं दिलं गेलं, फोटो निघाला. शामसुंदर जाताना म्हणाले, बहुत बढिया समझाया.

रोपटं स्कूटीवर पायाशी ठेवून ती निघाली. घराकडे, सेक्टर सहाकडे जायचं वळण आलं. तिनं वळण घेतलं नाही, सरळ पावर हाउसला गेली.

मथुराची मशीन एका साडीच्या दुकानाच्या पायरीशेजारी असायची, ताडपत्रीखाली. पूर्वी पिशव्यांची रांग लागलेली असायची. आज दोनच होत्या. संघमित्राला बघून मथुरा लगबगीनं उठली, स्टूल पदरानं पुसलं, समोरच्या टपरीवर दोन बोटं दाखवून चहा मागवला.

"निरोप धाडला असता तर मीच आली असती, मॅडम. इतक्या उन्हात."

संघमित्रा बसली. बोलायचं ठरवूनच आली होती, तरी सुरुवात सापडेना. काम कसं चाललंय, असं काहीतरी विचारलं. मथुरानं दोन पिशव्यांकडे बघितलं.

"बाया दुसरीकडे देतात आता. म्हणत नाहीत तोंडावर. काकाजीही काल बोलले नाही. त्यांच्यावर राग नाही माझा. त्यांनी मान देऊन आणलं होतं तुमच्याकडे." ती मशीनचं चाक हातानं उगाच पुढेमागे करत राहिली. मग इकडेतिकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "मॅडम, एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. रागावान तुम्ही."

"काय?"

"तो मोबाइल. रेकॉर्डिंग कोर्टात द्यायच्या आधी भाचीनं, टीनानं, दोन दिवस नेला होता घरी. फोटो काढून राहिली होती त्याच्यात. जागा नाही म्हणून काही मिटवलं म्हणे तिनं. मी तिले मारलं मग. पण तुम्हाले सांगाची हिंमत नाही झाली. त्याच्यानंच नंबर बिघडला असन ना? मले झोप नाही येत. तुम्ही इतकी मेहनत केली, आन माझ्या येडेपणानं तुमचं नाव खराब झालं. मी टीनाच्या आईलेही बोलून बसली. आता ते घरही तुटलं."

चहा आला. टपरीवाल्यानं दोन ग्लास मशीनच्या फळीवर ठेवले. मथुरानं त्यातला भरलेला ग्लास निवडून संघमित्रापुढे सरकवला.

संघमित्रानं पिशवीतून ते दोन कागद काढले आणि फळीवर शेजारी शेजारी पसरले. बोट ठेवून दोन्ही ओळी दाखवल्या. मथुराला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण वर्षानुवर्षं किनारी जुळवलेली तिची नजर होती. ती वाकली आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर डोळे नेत राहिली.

"दोन्ही एकच आहेत," ती म्हणाली.

"हा कागद दुसऱ्या खटल्यातला आहे. त्याचा नंबर मी तुमच्या कागदात तसाच राहू दिला. टीनानं काही केलं नाही. तुम्हीही नाही. तुमचं रेकॉर्डिंग खरं आहे, खरा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे." तिचा आवाज सपाट येत होता, व्याख्यानात यायचा तसाच, आणि त्याचीही तिला लाज वाटली. "हे मला सहा महिन्यांपासून माहीत आहे, काकू."

मथुरानं चाकावरचा हात काढून मांडीवर ठेवला. रस्त्यावरून ऑटोवाले दुर्ग, दुर्ग ओरडत गेले. मग तिनं संघमित्राकडे न बघता विचारलं, "सहा महिने?"

"हो."

"आन तुम्ही म्हणलं, नवीन कायदा आहे."

"हो."

मथुरानं मान फिरवली. संघमित्रानं ग्लासाला हात लावला नाही. चहावर साय धरायला लागली होती. उठून जायची सोय होती, माफी मागून रडायचीही होती. पण रडली असती तर पाणी विचारायला मथुराच उठली असती.

"सात दिवस आहेत," संघमित्रा म्हणाली. "अपील करायचं. वकील मी दुसरा पाहून देते, शामसुंदरला न घाबरणारा. पण मी आता तुमची वकील नाही, काकू. मी साक्षीदार आहे. चूक कोणाची, ते शपथेवर माझ्या नावानं लिहून देणार. आणि त्याच्याआधी, आज घरी जाऊन, बाबांना सांगणार."