सूनबाईने उघडलेला गिअरबॉक्स

भर चढावर गाडी थांबली तेव्हा इंजिन चालूच होतं. अप्पांचा मुलगा ॲक्सिलरेटर दाबत होता, इंजिन बोंबलत होतं आणि गाडी मात्र गुपचूप मागे सरकत होती. शेजारी बसलेल्या अप्पांनी हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "गेला तुझा गिअरबॉक्स."

अप्पांची उभी हयात बस चालवण्यात गेली होती. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं, पण ते मत ते पोटातच ठेवत. मुलाचा डावा पाय लहानपणीच्या आजारात कामातून गेला होता. क्लच दाबणं त्याला शक्यच नव्हतं. त्याचा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानांतून, गोदामांतून फिरायचं, काटा उघडायचा, साफ करायचा आणि लोखंडी मापं ठेवून खरा-खोटा तपासायचा. ती मापं डिकीत असत. ती हातात घेऊन बसने हिंडणं धडधाकट माणसालाही झेपलं नसतं. म्हणजे गाडी बंद तर काम बंद.

गाडी ओढून नेली तो गॅरेजवाला भला माणूस होता. त्याने गिअरबॉक्सचं थोडं तेल बोटावर घेतलं, हुंगलं आणि बोट फडक्याला पुसलं.

"जळलंय. आतल्या प्लेटा संपल्यात. हा डबा उघडणारा एक कारागीर होता माझ्याकडे, तो काम सोडून गेला. नवा गिअरबॉक्स आता येत नाही. जुना कुठून आणला तर किती चालेल ते मी छातीठोक सांगणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर गाडी काढून टाकली असती."

मुलाने मान खाली घातली. तेवढ्यात सोबत आलेली त्याची बायको, अप्पांची सून, म्हणाली, "उघडला, तर आत बदलायचे भाग मिळतील?"

"भाग मिळतील. उघडणारा मिळायचा नाही."

"भाग मागवा," ती म्हणाली.

सूनबाई दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर जबड्याचा साचा पाठवत आणि ती त्यावरून कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या घडवत असे. कमी बोलणारी, कामात बुडालेली बाई. घरातला मिक्सर, इस्त्री, अप्पांचं कानातलं यंत्र, सगळं तीच उघडायची. पण मिक्सर वेगळा आणि हे वेगळं. अप्पांना वाटलं, दोन दिवसांत हौस फिटेल आणि शेडमध्ये लोखंडाचा ढीग पडून राहील. ते तसं बोललेही.

"सूनबाई, हा खेळ नाही. मोठमोठे मिस्त्री याच्यापुढे हात टेकतात."

"बघते तर खरी, अप्पा. नाहीच जमलं तर विकायची आहेच की."



गॅरेजवाल्याने गाडी घरी ओढून आणून दिली, जॅक आणि लोखंडी घोड्या उसन्या दिल्या. कंपनीचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक सूनबाईने मिळवलं आणि ते रोज जेवताना ताटाशेजारी उघडं असायचं. सुट्टीच्या दिवशी घराशेजारच्या शेडमध्ये गाडीचा पुढचा भाग घोड्यांवर चढला. गिअरबॉक्स खाली घ्यायला शेजारचा पैलवान आला. तो खराखुरा पैलवान नव्हता, लोकांचं घरसामान हलवायचं काम करायचा, पण फ्रिज एकट्याने उचलायचा म्हणून ते नाव पडलेलं. जॅकवरून ते धूड त्याने बाळ उतरवावं तसं अलगद खाली घेतलं आणि विचारलं, "एवढ्याशा गाडीत एवढं मोठं काय असतं?"

"तेच बघायचंय," सूनबाई म्हणाली.

पहिले काही दिवस अप्पा शेडकडे फिरकले नाहीत. मग एकदा चहाचा कप द्यायच्या निमित्ताने गेले आणि दारातच थबकले. ज्या ढिगाची ते वाट बघत होते तो ढीग तिथे नव्हताच. जमिनीवर जुनी चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडलेला होता. बारीक स्प्रिंगा आणि छर्‍यांएवढ्या गोळ्या केकच्या साच्याच्या खळग्यांत, एकेका खळग्यात एकेक. पोलादी चकत्या एका दोरीत ओवलेल्या. शेजारी घासून पुसून लख्ख केलेली दातेरी चाकं. बस डेपोतल्या वर्कशॉपमध्ये अप्पांचं आयुष्यभर जाणं-येणं होतं, पण इतकी नीटस मांडणी त्यांनी तिथे कधी पाहिली नव्हती.

"क्लच कुठाय याच्यात?" त्यांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

तिने एक ओलसर, काळपट चकती उचलून त्यांच्या हातात दिली. "ही त्याची प्लेट. पण याच्यात एक क्लच नाही अप्पा, चार-पाच आहेत. एक धरला की हे चाक थांबतं, दुसरा धरला की ते. मधलं चाक सूर्यासारखं, बाकीची त्याच्याभोवती फिरतात. कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं, यावर गिअर ठरतो."

"आणि धरतं कोण?"

"तेल. तेलाचा दाब."

अप्पा चादरीशेजारच्या स्टुलावर बसले. चहा तिथेच निवला. चढ लागला की इंजिनाचा आवाज ऐकायचा, पाय दाबायचा, दांडा ओढायचा, पाय सोडायचा, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्याला कधी डोकं लावावं लागलं नव्हतं. तेच सगळं करायला कोणीतरी तेलाला शिकवलं होतं. आणि ही बाई ते कसं शिकवलंय ते वाचून समजून घेत होती. आपण इतकी वर्षं या यंत्राला आळशी माणसाची सोय समजत होतो, याची त्यांना जरा लाज वाटली.

त्या दिवसापासून त्यांचा मुक्काम शेडमध्ये हलला. ते बॅटरीचा उजेड धरत, पुस्तकातले आकडे मोठ्याने वाचून दाखवत, भाग रॉकेलमध्ये धूत. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात, म्हणून सूनबाईने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घेतलं. संध्याकाळी भुकेजलेल्या मुलाने ओट्यावरच्या त्या पातेल्याचं झाकण उघडलं आणि लाल तेलात बुडालेल्या चकत्यांकडे बघत आत हाक मारली.

"अगं, हे मंद आचेवर ठेवायचं की असंच वाढायचं?"

"हात लावलास तर उपाशी राहशील," ती आतून म्हणाली.

भाग पुन्हा आत बसायला लागले तसे अप्पा नुसते बघत राहिले. ती घाई करत नसे. एकेक चकती बसवून झाली की मधली फट पट्टीने मोजायची, पुस्तकाशी ताडायची. पटलं नाही तर पुन्हा काढायची. मानेवर घाम साचे, पण हात स्थिर असत. एकदा चकत्या जागेवर धरणारी एक लॉक रिंग उडून गाडीखाली गेली. अप्पांच्या तोंडी डेपोतली शिवी आली होती, ती त्यांनी गिळली. सूनबाई मुकाट्याने गाडीखाली सरपटत गेली आणि रिंग घेऊन आली.

अखेर पैलवानाला पुन्हा बोलावणं गेलं. गिअरबॉक्स वर चढला, तेल भरलं, मुलगा गाडीत बसला. इंजिन सुरू झालं. त्याने दांडा पुढच्या खुणेवर घेतला आणि गाडी अलगद शेडबाहेर आली. पैलवानाने टाळी वाजवली. मुलाचा चेहरा असा उजळला की अप्पांनी दुसरीकडे बघितलं.

"आता मागे घे," सूनबाई म्हणाली.

मुलाने दांडा मागच्या खुणेवर घेतला. इंजिनाचा आवाज वाढला. गाडी जागची हलली नाही. पुन्हा घेतला. पुन्हा तेच. त्याने इंजिन बंद केलं.

मग तोच म्हणाला, "चालेल की. मी पुढे-पुढेच जात जाईन. वळायला मोठी जागा बघेन."

"चालणार नाही. आपल्या गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत मागेच जावं लागतं," ती म्हणाली. तिने हात धुतले, सगळ्यांना जेवायला वाढलं, स्वतःही पोटभर जेवली आणि लवकर झोपली. अप्पांना मात्र झोप लागली नाही. एवढं सगळं पुन्हा उतरवायचं, पुन्हा उघडायचं. आपल्याच्याने झालं नसतं, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. आपण पाना भिरकावला असता आणि गॅरेजवाल्याचा सल्ला मानला असता.

पुढच्या सुट्टीला ते शेडमध्ये पोचले तेव्हा ती गाडीखाली आडवी होती.

"सूनबाई, राग नाही आला?"

"आला ना." गाडीखालून आवाज आला. "पण लॅबमध्ये असंच असतं. कवळी बसली नाही तर परत येते. आता त्या माणसाचा जबडा थोडाच बदलता येतो? कवळीच पुन्हा घासायची."

या वेळी पैलवानाने गिअरबॉक्स उतरवून दिल्यावर तिने तो लगेच उघडला नाही. लॅबमधून हवेचा छोटा कॉम्प्रेसर मागून आणला होता. तेलाचं भोक ज्या क्लचकडे जातं त्या भोकात हवा सोडायची. क्लच ठीक असेल तर आतून दणका ऐकू येतो. हे पहिल्या वेळी करायला हवं होतं, पुस्तकात लिहिलं होतं, पण तेव्हा हवा कुठून आणायची ते सुचलं नव्हतं, असं तिने सरळ सांगून टाकलं. कानातलं यंत्र नीट बसवून अप्पा पुढे वाकले.

पहिलं भोक. थप. दुसरं भोक. थप. तिसरंही तसंच. मग मागच्या गिअरचं. नुसतंच फुस्स झालं.

"सापडला चोर," अप्पा म्हणाले.

तो क्लच उघडला. आत तेलाचा दाब अडवणारी रबराची गोल कड होती. बसवताना तिची धार एका जागी दुमडली होती, नखाएवढ्या जागेत. तिथून दाब निसटत होता आणि तेलाला प्लेटा धरायला जोर उरत नव्हता. सूनबाईने नवी कड घेतली. मग पर्समधून लॅबचं एक हत्यार काढलं, मेणाचे दात कोरायचं, पातळ, बोथट पात्याचं. त्या हत्याराने ती रबराची ओठासारखी धार गोलगोल फिरत आत सारत गेली. अप्पांनी बॅटरी दोन्ही हातांनी धरली होती. तिचा श्वास थांबला की त्यांचाही थांबत होता. पूर्ण फेरी झाली, तेव्हा तिने मान वर केली.

"अप्पा, हवा तुम्ही सोडा."

त्यांनी नळी भोकाला लावली आणि खटका दाबला. थप. त्यांना तो हाताच्या तळव्यातही जाणवला. त्यांनी पुन्हा दाबला, मग उगाचच आणखी एकदा.

"पुरे," ती हसून म्हणाली, "हवा संपेल."

त्यानंतर पैलवान चौथ्यांदा आला. या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. गाडी शेडबाहेर आली आणि थांबली. मुलाने दांडा मागे घेतला. एक हलकासा धक्का बसला आणि गाडी जशी आली होती तशीच सरळ आत गेली. मुलाने ती बाहेर आणली, पुन्हा आत नेली, पुन्हा बाहेर आणली. पैलवान ओरडून म्हणाला, "अरे, थकेल ती." सूनबाई शेडच्या भिंतीला टेकून बसली होती. तिने फडक्याने तोंड पुसलं आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला. ते तिला कोणीच सांगितलं नाही.

सोमवारी मुलगा कामावर निघाला. पैलवानाने मापं डिकीत भरून दिली. दारातल्या अरुंद गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत मागेच जावं लागतं, तसा तो गेला, एका हाताने अप्पांना टाटा करत. सूनबाई हे बघायला थांबली नव्हती. तिला लॅब गाठायची होती.

अप्पा गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मग घरात येऊन त्यांनी तिला फोन लावला. ते तिला एरवी कधी फोन करत नसत.

"गेला तो," ते म्हणाले.

"मागे नीट गेली?"

"लोण्यासारखी."

"आवाज काही?"

"काही नाही. मी कान देऊन ऐकलं."

"बरं झालं."

फोनवर पलीकडे कसलंसं यंत्र घरघरत होतं. अप्पांनी घसा साफ केला.

"सूनबाई, एक सांगायचं होतं. मी सगळी हयात गाड्यांत काढली. पण हे मला जमलं नसतं. एकदाही नाही आणि दुसऱ्यांदा तर नाहीच."



"अप्पा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा वेगळा लागला, "भट्टीत दात आहेत. करपतील. संध्याकाळी बोलू."