नव्या घराशी अबोला

घड्याळजींच्या बायकोला घराशी बोलायची सवय होती, आणि ती साऱ्या गल्लीला ठाऊक होती. दार कुरकुरलं की, "हो हो, घालते तेल, जीव नको काढूस." नळ ठिबकला की, "झालं का तुझं रडगाणं सुरू?" बाहेर पडताना, मग ते कोपऱ्यावरून पाव आणायला का असेना, उंबऱ्यावरून मान वळवून म्हणायची, "येते हं." घरही असं इमानी, की ती परतेपर्यंत दुपारचा कवडसा तिच्या खुर्चीवरून हलू द्यायचं नाही. सूर्य पार समोरच्या छपरामागे गेलेला असायचा, तरी कवडसा आपला खुर्चीत. खोटं वाटत असेल तर घड्याळजींना विचारा. त्या कवडशापायी त्यांची निम्मी घड्याळं मागे पडायची.

मग ती जुनी इमारत पाडायचं ठरलं. सामान टेम्पोत चढलं. उंबऱ्यावर तिने सवयीने मान वळवली. "येते" म्हणावं, तर ते खोटं. "जाते" म्हणायला जीभ वळेना. तशीच तोंड मिटून ती जिना उतरली. शब्द अडकला तो अडकलाच.

नव्या घराच्या दारात तिने एकदाच तोंड उघडलं. "हे घर? हा तर डबा आहे. झाकण तेवढं लावायचं राहिलंय."

झालं. भिंतींना कान असतात हे सगळेच जाणतात; मानही असतो, हे कुणी सांगत नाही. तिने घराशी अबोला धरला आणि घराने तिच्याशी.

घराचा अबोला काय चीज असते, ते घड्याळजींना दुसऱ्याच दिवशी कळलं. वाटी हातातून सुटली, फरशीवर तीनदा उडाली, आणि आवाज म्हणाल तर नाही. नळ ठिबकायचा तो मुक्याने. खिडकी आपटायची ती उशीवर उशी पडावी तशी. माणसांचं बोलणं तेवढं ऐकू यायचं, तेव्हा भांडण कुणाकुणात आहे ते उघडच होतं. सगळ्यांत वाईट गत घड्याळांची. भिंतभर लंबक झुलत होते, काटे फिरत होते, पण टिकटिक नावाला नाही. ठोक्यांची वेळ झाली की आतल्या हातोड्या उठायच्या, पडायच्या, आणि घड्याळजी पाण्याखाली बसल्यासारखे बघत राहायचे.

कवडसा यायचा, नाही असं नाही. खिडकीतून उतरायचा, खुर्चीत तिला बघायचा आणि रुसलेल्या मांजरासारखा वळसा घालून कपाटाखाली जाऊन बसायचा.

"अहो, त्या तुमच्या घराला सांगा," बायको म्हणाली. "दार लोटायचं तर नीट लोट म्हणावं."

घड्याळजींनी भिंतीकडे तोंड केलं. "ऐकलंस ना? ही म्हणते..."

"मी म्हणते असं सांगू नका. तुम्हीच म्हणताय असं सांगा."

दार सावकाश, अगदी मुद्दाम, सताड उघडलं.

"बघितलंत? उलट उत्तर देतंय."

"अगं, दोघांतल्या एकाने तरी लहान व्हावं."

"ते आहेच लहान. परवा तर बांधलंय. त्यानेच बोलावं आधी."

एरवी घड्याळजी हसले असते. पण रविवारी धाकटी मेहुणी बायकोला न्यायला यायची होती, आणि "किती दिवस राहशील?" या प्रश्नावर बायको खिडकीबाहेर बघत "बघू" म्हणाली होती. काटे काढून घेतलेलं घड्याळ असतं ना, तसा तो शब्द. मुकी घड्याळं एक वेळ चालतील. बायकोवाचून हे घर कसं चालायचं, ते त्यांना कळेना.

रविवारी मेहुणी आली आणि चारी खोल्या हिंडली. "ताई, किती शांत आहे गं घर."

घड्याळजींनी कपाळाला हात लावला आणि बायकोची पिशवी उचलून जिन्यात जाऊन उभे राहिले. मेहुणी एक पायरी खाली. मागून बायको निघाली. चष्मा घेतला का, गाडी मिळेल का, असल्या गोंधळात तिने दार ओढून घेतलं, आणि मान आपली सवयीने वळली.

"येते हं," ती म्हणाली.

"कुणाला म्हणालीस?" मेहुणीने विचारलं. "भाऊजी तर इथे आहेत."

बायकोने ओठांवर बोट ठेवलं, जणू तिथे काही होतं ते गेलं का हे चाचपत होती. जुन्या उंबऱ्यावर अडकलेला शब्द भलत्याच दारात सुटला होता.

आतून बिजागरी कुरकुरली, घसा खाकरावा तशी हळूच. मग नळ ठिबकला. मग वाटीचे राहिलेले तीन आवाज, टण, टण, टण. आणि मग भिंतभरच्या घड्याळांनी आठवडाभराचे तुंबलेले ठोके एकदम द्यायला घेतले. खालच्या मजल्यावरची माणसं दारात येऊन विचारू लागली, वाजले तरी किती? मेहुणीने कान झाकले. घड्याळजी मात्र लग्नाची सनई ऐकावी तसे डोळे मिटून उभे होते.

"चल ना ताई, गाडी चुकेल."

"तू हो पुढे. मी येते म्हटलंय त्याला."

"अगं, पण अजून गेलीच कुठे आहेस?"

"म्हणून तर लवकर आले," ती म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.

कवडसा कपाटाखालून निघून खुर्चीपर्यंत आला होता आणि पायाशी घुटमळत होता.

"ये, बस," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "डोळ्यांवर तेवढा येऊ नकोस."

रस्त्यावरचे दिवे लागले, तरी कवडसा तिच्या मांडीवर होता. घड्याळजींनी भिंतीवरचं एक घड्याळ उतरवलं, कानाशी धरलं आणि काहीही न करता परत टांगलं. मागे पडायला लागलं होतं.