वाकडी पिल्लं

हल्ली माझा मुलगा माझ्या शब्दाला नाही म्हणत नाही, आणि माझी त्याच्याविषयी तक्रार हीच आहे. चाळिशी उलटलेला माणूस, जन्मभर माझ्याशी हुज्जत घालत आलेला, एकदम ‘हो आई, बरोबर आहे आई’ करायला लागला तर आईने खूश व्हायचं की सावध? मी सावध झाले. लिफ्ट दुरुस्त करतो तो. इतकं वंगण तो लिफ्टलाही घालत नसेल.

सूनही गोड झाली होती. न सांगता माझ्या उश्या उन्हात टाकून आणल्या. तेव्हाच म्हटलं, काहीतरी शिजतंय.

शाळा मी दुसरीतच सोडली, पण माझे गप्पी मासे बघायला वरच्या मजल्यावरून लोक खाली येतात. अशा लाल, पसरट शेपट्या आपोआप होत नाहीत. मादीचं पोट खालून चौकोनी दिसायला लागलं की तिला जाळीत घ्यायचं, व्याली की लगेच बाजूला काढायचं, नाहीतर स्वतःचीच पिल्लं गट्टम करते. पिल्लांना वेगळी लहान टाकी. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून चिमूटभर घालायचा. जरा मोठी झाली की निवड. ज्याचा कणा वाकडा, ज्याची शेपटी फिकी, ते मोठ्या टाकीत सोडायचं. मोठे मासे पुढचं बघून घेतात. दया दाखवली की पुढच्या खेपेला सगळीच वाकडी.

या खेपेला वाकडी बरीच निघाली होती. कोणकोणती काढायची ते मी मनात धरून ठेवलं होतं. पण माझा हात लागण्याआधीच पिल्लं कमी व्हायला लागली.

आधी वाटलं, फिल्टर ओढून घेत असेल. त्याच्या तोंडाला मी जुना पायमोजा बांधलाय, तो जागच्या जागी. मेली म्हणावं तर तळाशी एकही नाही. मग चष्मा लावून टाकीसमोर बसले आणि एकेक पिल्लू मोजलं. चांगली लाल पिल्लं सगळी जिथल्या तिथे. गेली होती ती फक्त वाकडी. म्हणजे चोर असा, की माझंच काम उरकून जातोय. असल्या चोराचा भरवसा नाही.

फिल्टर धुवायला काढला तेव्हा आतला स्पंज अर्धाच होता. कात्रीने सरळ कापलेला. काळा, बुळबुळीत, वास मारणारा स्पंज कुणाला कशाला लागेल? एकाच कामाला लागतो. नव्या टाकीत जुन्या टाकीचा मळ घातला तरच ते पाणी माशाला मानवतं. आमच्या घरात हे दोघांनाच ठाऊक. एक मी, आणि दुसरा तो, ज्याला चड्डी सावरता येत नव्हती तेव्हापासून मी शेजारी बसवून शिकवलं.

म्हणजे कुठेतरी दुसरी टाकी होती. टाकी कुणी रस्त्यावर ठेवत नाही. तिला टेबल लागतं, टेबलाला खोली लागते, खोलीला किल्ली. पहिल्यांदा मनात आली ती एखादी बाई. काही दिवस मी सुनेकडे फार मायेने बघितलं, आग्रह करून वाढलं. पण ती आपली गुणगुणत पांघरुणांच्या घड्या पिशवीत भरत होती. धुवायला द्यायचीत, म्हणाली. धड धुतलेली पांघरुणं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोघं मिळून आहेत यात. वेगळे निघतायत, आणि मला पत्ता लागू द्यायचा नाही. मागे उरणार मी आणि मासे.

सरळ विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि त्याच्या तोंडून ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून जेवताना मी सहज बोलल्यासारखं बोलले. नव्या पाण्यात पिल्लं सोडली की शेपटी मिटून तळाशी बसतात, खायला वर येत नाहीत, मग एकेक करून जातात.

मुलगा ताटात बघून जेवत राहिला. सुनेचा घास मात्र हातातच थांबला. लग्न होऊन आल्यापासून टाकीकडे कधी ढुंकून न बघितलेली ती बाई म्हणाली, “मग काय करायचं, आई?”

त्याने टेबलाखालून तिला पाय मारला असावा, कारण पेल्यातलं पाणी हिंदकळलं.

“न बघता कसं सांगू?” मी म्हटलं आणि भात वाढून घेतला.

तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “उद्या येता का बघायला?”

सकाळी मी माझ्या टाकीतलं पाणी बादलीत घेतलं, रबरी नळी घेतली आणि गाडीत बादली पायात धरून बसले. जिना चढताना त्याने बादली मागितली, ती मी दिली नाही.

नवं घर. ताज्या रंगाचा वास, छतातून लोंबणाऱ्या वायरी, खोल्या दोन. त्यात माझी एकही नव्हती, हे विचारावं लागलं नाही. खिडकीपासून लांब, मी शिकवलं तसं, स्टुलावर टाकी. तळाशी बलकाचा पिवळा थर आणि त्यावर पिल्लं मलूल पडलेली.

मी बाह्या वर केल्या. नळीने तळ ओढून काढला, खराब पाणी मोरीत गेलं, घरचं पाणी वाटीवाटीने आत. तो वाटी भरून देत होता. पाणी निवळलं तशी मी पिल्लं ओळखली. कणा वळलेलं ते. शेपटीच नसल्यासारखं ते. एकूण एक मी काढून टाकणार होते तीच.

“चांगली होती की टाकीत. हीच का आणलीस?”

“चांगली तू ठेवणारच होतीस,” तो म्हणाला. “ही तू माशांना घातली असतीस. आणि मला ते लहानपणापासून बघवत नाही, आई.”

किती दिवसांनी तो मला उलट बोलला. बरं वाटलं, पण तसं दाखवलं नाही. टाकीत एक वाकडं पिल्लू तळ सोडून तिरकं तिरकं वर आलं, पाण्याला तोंड लावून परत खाली गेलं. सून श्वास धरून बघत होती.

मी हात पुसले, बाह्या खाली घेतल्या आणि त्याला समोर बसायला सांगितलं.

“अर्धा स्पंज कापून नेलास, तो नीट नेलास. खायला मात्र गाडाभर घातलंस, ते आजपासून बंद. पिल्लं इथेच राहू देत, माझ्या टाकीत मला ती नकोच होती. पण तू घर घेतलंस हे मला फिल्टर उघडल्यावर कळावं? विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते. नाहीच म्हणाले असते. तरी विचारायचं.”