बुरुल्चाचा उपास

नारीन शहराच्या प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञांचे प्रमुख तेमिरकुल यांची बोटं फार नावाजलेली होती. मुख्यतः तेमिरकुल यांच्याच तोंडून. "माझ्या बोटांना दिसतं," असं ते म्हणत, आणि सोनोग्राफीचं नवं यंत्र फक्त पाहुण्यांना दाखवत, एरवी भरतकामाच्या आच्छादनाखाली झाकून ठेवत.

आज त्या बोटांना बुरुल्चाच्या पाठीत कमरेखालच्या भुलेच्या सुईची जागा सापडत नव्हती. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावत होते, सिझेरियन करायचं ठरलं होतं, आणि सुई दोनदा हाडावर आपटली होती.

"पुरे. पूर्ण बेशुद्ध करू. पोट रिकामं आहे ना?"

"कालपासून घास नाही गेला हो पोटात!" दारातून सासू काल्बुबूने ग्वाही दिली.

झुरा तेमिरकुलांच्या हाताखालची डॉक्टर. बेशुद्धीत पोटातलं वर आलं, तर ते फुफ्फुसात उतरणार आणि बुरुल्चा हाती लागेलच याची खात्री नाही, हे तिला माहीत होतं. तेमिरकुलनाही माहीत होतं. ते फक्त चिडले होते. तिने आच्छादन ओढून काढलं आणि यंत्राचा दांडा बुरुल्चाच्या बरगड्यांखाली टेकवला. पडद्यावर तट्ट फुगलेलं जठर, आत गोळे.

"आपा, काय भरवलंत हिला?" तिने सासूला विचारलं.

"भरवलं कुठे? वाटीभर वितळलेलं लोणी, बाळ सुळकन यावं म्हणून. वर मेंढीचा रस्सा. शेपटीच्या चरबीचे दोन तुकडे. याला काय जेवण म्हणतात? पाव नुसता दाखवलासुद्धा नाही!"

"ऐकलंत, बाइके?" थोरल्या भावाला म्हणावं तसं झुरा तेमिरकुलना म्हणाली. "कडक उपास आहे."

"मला शिकवू नकोस, पोरी. तू चित्रं बघत बसशील तोवर—"

"तोवर तुम्ही हिला घट्ट धरा. बसती करा."

तेमिरकुलनी धरलं. झुराने दांडा पाठीवर फिरवला, तसा पडद्यावर कणा डावीकडे वळलेला दिसला. त्यांनी टोचलेल्या दोन्ही जागांपासून मोकळी फट चांगली बोटभर लांब होती. तिने तिथे पेनाने फुली मारली, सुई किती खोल जायची ते पाहिलं, सुई घातली. सुईतून कण्यातल्या स्वच्छ पाण्याचा थेंब आला; जागा बरोबर होती. तिने औषध सोडलं. बुरुल्चाचे पाय जड झाले.

मुलगी झाली, कडकडून रडली. तेवढ्यात बुरुल्चाने मान वळवली आणि लोणी, रस्सा, चरबी, सगळं भडाभडा तसराळ्यात ओकली. ती पूर्ण शुद्धीवर होती. खोकली, थुंकली आणि म्हणाली, "दाखवा ना मला."

तेमिरकुल तसराळ्यात वाकून बघत राहिले. "एवढं होतं होय?"

"अजून असेल," झुरा म्हणाली. "बेशुद्ध करून बघायचंय का?"